उलटी पावलं

मुलांनो, तुमच्या वर्गात नाताळाआधी एक खोडकर बाहुला येऊन खडू लपवतो, बुटांत चॉकलेटं ठेवतो, असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. मी शिकवत होते तेव्हा असं काही केलं का, हेही विचारलंत. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी पहिलीला शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मुलं प्रार्थनेला मैदानावर होती, तेवढ्यात मी तांदळाची पिठी कालवून वर्गाच्या दारापासून टेबलापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली. आपल्याकडे काढतात तशीच, पिठीत बुडवलेली मूठ टेकवून वर बोटांचे ठिपके. टेबलावर करंज्या ठेवल्या. लक्ष्मी येऊन गेली, असं सांगणार होते. पण मागे सरकत, घाईघाईत काढताना ठिपके दिले गेले टाचेच्या बाजूला.

मुलं दारात थबकली. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ये तो उल्टे पाँव हैं. चुडैल के."

चुडैलीचे पाय उलटे असतात, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक. मलाच सुचलं नव्हतं. आधी हशा झाला, मग एक रडली, मग सगळा वर्ग. त्यांना शांत करून हजेरी घेतली तर एक मुलगी कमी. सगळ्यांत लहान चणीची.

शाळेचं फाटक उघडं होतं. समोरून कारखान्याच्या बसगाड्या जात होत्या. मी धावत सुटले. तिच्या आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

ती रस्त्यापलीकडे हापशाशी सापडली. बूट-मोजे काढून विटेच्या तुकड्याने तळवे घासत होती. पळताना तिचा पाय पिठीवर पडला होता. "लग गया है, छूट नहीं रहा," म्हणाली. मी तिला धरलं आणि सांगितलं, चुडैल वगैरे कोणी नाही, ती पावलं मीच काढली.

तिने हात सोडवून घेतला.

"तो आप हैं?"

ती मागे सरकू लागली, रस्त्याकडे. मी एक पाऊल टाकलं असतं तर ती पळाली असती. मी तशीच उभी राहिले. बस येताना दिसत होती. शाळेची आया मागून आली आणि तिने तिला उचललं.

दिवाळीनंतर तिला दुसऱ्या तुकडीत घातलं. वर्षभर ती मला पाहून खांबाआड होत असे.

आता शाळा बंद आहे, क्वार्टर्स ओस पडली आहेत. ती मुलगी भोपाळमध्येच आहे, बिट्टन मार्केटला भाजी घेताना दिसते. मी तिला अजून हाक मारलेली नाही.