चाकाखालचा दगड

कुत्री पाळणाऱ्यांनो, आज दुपारचंच सांगते.

आम्ही नवरा-बायको आणि आमची चिमी टेम्पोतच घर करून फिरतो. मांजरसुंब्याला ढाब्यासमोर उतारावर थांबलो. हँडब्रेक ढिला, म्हणून चाकाखाली दगड लावला आणि चहाला उतरलो.

चिमी खिडकीतून भुंकली. रस्त्याने जाणारा एक माणूस सवयीने वाकला. दुसरा दगड दिसेना, म्हणून आमच्या चाकाखालचाच ओढून काढला आणि तिच्यावर भिरकावला.

टेम्पो चिमीला घेऊन उताराला लागला. नवऱ्याने पळत जाऊन कसाबसा ब्रेक दाबला.

वर तो माणूस मलाच म्हणाला, "कुत्रं आवरता येत न्हाई, तर घिऊन हिंडता कावून?" ढाब्यावरच्यांनी माना डोलावल्या.

उद्या लाकडी गुटके आणून चाकाला साखळीनं बांधणार आहे. कुत्रं दिसताच दगडाकडे जाणारा हात कशानं बांधायचा, ते तुम्ही सांगा.