सारवलेल्या पडवीतला गिअरबॉक्स

तो ट्रक मिलिटरीचा. लिलावातून फिरत फिरत जव्हारच्या एका मालकाकडे आला आणि त्याच्या पाठीवर पाण्याची टाकी बसली. दिसायला बेढब, पण सूर्यमाळकडे माझ्या माहेरच्या पाड्यावर चढणारी तेवढी एकच गाडी. दुसरे टँकर खाली डांबरी रस्त्यावरूनच परत फिरतात. पाड्याच्या विहिरीत उन्हाळ्यात नुसता गाळ राहतो. हा ट्रक वर येऊन विहिरीत पाणी सोडायचा आणि बाया ते ओढून घ्यायच्या.

चैत्र सरता सरता त्याचा दुसरा गिअर टिकेना. चढावर टाकला की खाडकन बाहेर. माझा नवरा गाड्या दुरुस्त करतो, आमच्या पडवीतच त्याचं गॅरेज आहे. मालक येऊन म्हणाला, "चार दिवस देतो. नाही झालं तर भंगारात काढतो."

तिकडे माझी आई डोंगर उतरून झऱ्यावर जात होती. एका हंड्याला अर्धा दिवस. त्यामुळे ते चार दिवस मलाच दिल्यासारखे वाटले.

नवऱ्याने गिअरबॉक्स उतरवून खोलला. या गाडीचं पुस्तक कुणाकडे नाही. म्हणून जो भाग निघेल तो पडवीच्या जमिनीवर ओळीने ठेवायचा, भोवती खडूची रेघ मारायची आणि आत आकडा लिहायचा, अशी त्याची रीत. दातेरी चाकं, त्यांच्या मधल्या पातळ चकत्या, बेअरिंग. धुवायचं काम माझं. रॉकेलमध्ये ब्रशने घासायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसायचं, ज्याच्या त्याच्या रेघेत ठेवायचं. एक चाक फारच झिजलं होतं. ते शोधायला तो नाशिकच्या जुन्या बाजारात गेला.

आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती. आखातीच्या आधी आमच्याकडे घर सारवतात. मी शेण कालवलं, सगळे भाग उचलून दोन घमेल्यांत भरले आणि पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवली. हाताखाली खडू शेणात मिसळताना दिसत होता, तरी डोक्यात काही आलं नाही. उठून, पडवी कशी छान झाली म्हणून बघायला लागले, तेव्हा कळलं, रेघा आणि आकडे सगळे पुसले गेले.

संध्याकाळी नवरा चाक घेऊन आला. बरोबर ट्रकचा ड्रायव्हर.

"रेघा कुठं गेल्या?" नवऱ्याने विचारलं.

मी दोन्ही घमेली पुढे सरकवली.

ड्रायव्हरला हसू आवरेना. "वहिनी, एवढं केलंत तर वर रांगोळी पण काढा. मालक खूश होईल."

"तू गप रे," नवरा म्हणाला. खांबाला टेकून घमेल्यांकडे बघत बसला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आखातीला सकाळी मी टोपलीत पेरलेल्या गौरीच्या रोपांना पाणी घातलं आणि पडवीत घमेली घेऊन बसले. ड्रायव्हर बाहेर होता म्हणून पाठ करून बसले. प्रत्येक भाग मी धुतला होता, तो हाताला ठाऊक होता. चाकाची एक बाजू चकचकीत, एक काळी. चकचकीत बाजूवर गोल घासल्याची खूण. जात्याचे दोन दगड एकमेकांवर झिजून एकमेकांचेच होतात, दुसऱ्याचा दगड त्यावर बसत नाही. इथेही तसंच असणार. मी खुणेला खूण लावत गेले. चकतीवरची खूण ज्या चाकावरच्या खुणेएवढी, ती त्याच्या शेजारी. नवं चाक कुणाशीच जुळेना, म्हणून जी जागा उरली ती त्याची.

नवरा कधी शेजारी येऊन बसला कळलं नाही. त्याने मी लावलेली ओळ पाहिली, दोन चाकं शाफ्टवर चढवून फिरवली.

"हे असंच होतं," तो म्हणाला. "चल, पुढचं दे."

दुपारपर्यंत झाकण बसलं. आणि घमेल्यात एक चकती उरली.

"जास्तीची असेल," ड्रायव्हर म्हणाला. "मिलिटरीवाले एखादी खिशात ठेवायला देतात."

नवराही थकला होता. म्हणाला, "राहू दे. फिरतंय ना मोकळं."

मी चकती बोटांत फिरवली. तिची एक बाजू आरशासारखी झाली होती. म्हणजे तिच्यावर काहीतरी घासत होतं, म्हणजे तिला जागा होती. परक्या माणसापुढे मी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"नाही. उघड परत."

"अगं, अर्धा दिवस जाईल."

"जाऊ दे. उघड."

त्याने उघडला. खालचा शाफ्ट अंगठ्याने दाबला तर नखभर मागे सरकला; तसाच राहिला असता तर चढावर गिअर पुन्हा बाहेर आला असता. शाफ्टच्या मागच्या टोकाला ती चकती बसली आणि सरकणं थांबलं. ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. हसला नाही.

चौथ्या दिवशी टाकी काठोकाठ भरून आम्ही निघालो. मी पहिल्यांदाच त्या केबिनमध्ये बसले, नवऱ्याच्या आणि दाराच्या मध्ये. मोखाड्याच्या पुढे चढ सुरू झाला. ड्रायव्हरने दुसरा टाकला आणि सवयीने दांडा हाताने दाबून धरला. नवरा म्हणाला, "सोड हात."

त्याने सोडला. दांडा थरथरत होता, पण जागचा हलला नाही. ट्रक गुरगुरत वळणामागून वळण चढत गेला. मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण मला हसू येत होतं.

पाड्यावर हंडे वाजवतच बाया धावत आल्या. पाईप विहिरीत सोडला, पाणी गाळावर आपटून चढायला लागलं. आई काठावर उभी होती. म्हणाली, "आम्हाला सांगितलं होतं, गाडी भंगारात गेली. कोणी नीट केली?"

नवरा माझ्याकडे बघत होता. सगळ्या बाया बघत होत्या. मला मान खाली घालावीशी वाटली, पण घातली नाही.

"आम्ही दोघांनी," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.