कमरेची पुरचुंडी

पेरणीच्या तोंडावर आमच्या बीआत्याच्या कमरेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिथं ओल्या फडक्यात ज्वारीच्या दाण्यांची सैलशी पुरचुंडी बांधलेली असे. दाण्याला पाणी, हवा आणि ऊब, तिन्ही लागतात. ऊब आत्या स्वतःची देई. पुरचुंडीत कोंब दिसले की मगच बाबा तिफन जुंपत. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं, संकरित बियाणं अजून आमच्या जानेफळला यायचं होतं, आणि घरचं बी आत्याच्या ताब्यात होतं.

विधवा होऊन माहेरी परतलेल्या बाईला घरात एवढाच मान होता, आणि तो ती फार कडक सांभाळी. बियाची कणसं ती चुलीवर धुरात टांगून ठेवी. आईची नुसती नजर तिकडे गेली तरी, "काऊन पाहून राह्यली वं?" म्हणून खेकसे.

ताईच्या लग्नात ती चूल दिवसरात्र ढणढणत होती. कणसं खाली उतरवायचं आत्याला सुचलं नाही. पुढं पाऊस झाला, वाफसा आला, सारं गाव पेरू लागलं, आणि आत्याच्या पुरचुंडीत कोंबाचा पत्ता नाही. बाबा अंगणात येरझारा घालत होते.

"बाई, ओल उडून चालली."

"फुगलं हाये. थांब जरासा."

"कालई हेच म्हणलं तुनं."

"फुगणं म्हंजे उगणं नाही रे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. एरवी मी तिला टरकून असे. त्या दिवशी मला तिची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांसमोर पुरचुंडी सोडली. दाणे टम्म, बुळबुळीत, आंबूस वासाचे. कोंब एकालाही नाही.

"आचेनं आतला जीव भाजला. माह्याच हातानं मेलं," ती म्हणाली.

आई उठली आणि राखेत दाणे घातलेलं मडकं घेऊन आली. लग्नाचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आधीच तिनं चोरून काही कणसं उतरवली होती.

"मंग बोलली काऊन नाही?"

"बी तुमचं होतं, बाई. मी कशी बोलू?"

आत्यानं मडकं पुढं ओढलं. मग तिनं त्यातले मूठभर दाणे भिजवले, फडक्यात घेतले आणि आईच्या कमरेला बांधले. "आता तूच सांभाळ." ते उगवले. ओल जेमतेम उरली होती, पण पेरणी साधली.

त्यानंतर दरसाल आई पुरचुंडी सोडायची ती आत्याच्या खोलीत नेऊनच. आत्या कोंब बोटानं चाचपून "पेरा" म्हणायची. त्याशिवाय बाबाही तिफन हलवत नसत.

आत्या गेली त्या साली बियाला फार छान कोंब आले. आई पुरचुंडी घेऊन सवयीनं तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. अंगणात बाबा बैल जुंपून वाट बघत होते. 'पेरा' म्हणायला आईचं तोंड उघडेना.