जपानचा साहेब डोलीत बसला नाही

आमच्या सोयगाव तालुक्यातली लेणी बघायला जपानची माणसं पहिल्यापासून येतात. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना आम्ही डोलीतून वर न्यायचो. लाकडी खुर्ची, तिला दोन दांडे, खाली चौघांचे खांदे. मी दुसरीतून शाळा सोडली, पण पुढच्या दांड्याला माझ्यासारखा खांदा तिथं दुसरा नव्हता. हे मीच सांगतो, कारण सांगणारे बाकीचे आता राहिले नाहीत.

त्या साहेबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कोणी नव्हता. डोलीत त्यांचा एक म्हातारा पुढारी बसला होता, अन् हा त्याची बॅग आणि छत्री सांभाळत बाजूनं पळत होता. पुढं त्यानं त्याच पुढाऱ्याची पोरगी केली, सासऱ्याच्या जागेवर निवडून आला, मंत्री झाला. हे मला जपानी बोलणाऱ्या गाइडनं सांगितलं.

मी म्हणालो, "म्हंजे आपल्यासारखंच की."

"व्हय मामा. तिकडं फक्त वाकतात जास्त."

मंत्री होऊन आला तेव्हा बायको बरोबर होती. ती चालत गेली, तो माझ्या डोलीत बसला. वर पोचल्यावर त्यानं माझ्या खांद्यावरच्या घट्ट्याला बोट लावून पाहिलं. बायको त्याला काहीतरी बोलली अन् दोघं लई हसले.

मागच्या हिवाळ्यात तो परत आला. तोवर माझा गुडघा गेला होता. डोलीवाल्यांचा मुकादम रोज म्हणायचा, "बाबा, घरी बसा. तुम्हाला बघून गिऱ्हाईक घाबरतं." घरी बसून काय करू? म्हातारी गेल्यापासून घरात बोलायला भिंती आहेत. मी हट्टाला पेटलो. म्हणालो, जपानच्या साहेबानं माझीच डोली मागितली आहे, त्याला वर नेतो, मग बोल.

"न्या. नेलं तर दांडा तुमचा. नाय तर उद्यापासून यायचं नाय."

साहेब एकटाच आला. डोलीपाशी थांबला, पण बसेना. गाइडनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मागच्या खेपेचा त्याचा डोलीतला फोटो तिकडं पेपरात आला होता. गरिबाच्या खांद्यावर बसतो म्हणून विरोधकांनी तो गावोगाव दाखवला. मंत्रिपद गेलं, निवडणूक हरला, बायको बापाकडं निघून गेली. आता तो पुन्हा उभा राहणार होता, अन् त्याला नवा फोटो पाहिजे होता. खुर्चीत मी, अन् दांडा त्याच्या खांद्यावर.

"एका मिनिटाचं काम आहे, मामा. बसा."

सगळे डोलीवाले बघत होते. मुकादमही बघत होता. एकदा त्या खुर्चीत बसलो असतो, तर परत दांड्याला हात कोण लावू देणार होतं?

"त्याला म्हणावं, तू बस. पाया पडतो म्हणावं." जन्मात कोणाला असं म्हणालो नव्हतो.

गाइडनं सांगितलं. साहेब माझ्यापुढं कमरेत वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मग चालायला लागला.

मी बाकीच्यांना म्हणालो, "उचला रे." रिकामी डोली घेऊन आम्ही त्याच्या मागं निघालो. कुठंतरी दमेलच की. अर्ध्या चढावर तो कठड्याला धरून उभा राहिला, तोंड पांढरं पडलेलं. मी डोली टेकवायला लावली. त्यानं खुर्चीकडं पाहिलं, आजूबाजूला मोबाइल धरून उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं, अन् नाही म्हणून मान हलवली. आम्ही परत डोली उचलली. पुढच्याच पायरीला माझा गुडघा वाकला अन् डोली एका अंगावर आपटली. रिकामी होती म्हणून कोणाला लागलं नाही. मुकादम खालून बघत होता.

आता दांड्याला दुसरा माणूस आहे. खांद्यावरचा घट्टा मऊ पडत चालला आहे, अंघोळ करताना हाताला नीट लागतसुद्धा नाही.

परवा गाइड भेटला. साहेब पुन्हा हरला म्हणाला.

"अन् बायको? ती आली का परत?"

"ते मला कसं ठाऊक, मामा?"

"विचार की. तुझा फोन लागतो ना तिकडं?"

बघतो म्हणाला. भेटला की मी परत विचारतो.