पाचापेक्षा कमी

ओतुलोआ बेटावरच्या दवाखान्यात पिसिला वाईपुलू एकतीस वर्षं रुग्णांचे कागद सांभाळत होती. इतक्या वर्षांत तिला एकाच तऱ्हेच्या माणसांचा वीट आला होता, तो म्हणजे परदेशातून येणाऱ्या शहाण्यांचा. दर दोन-तीन वर्षांनी ते यायचे. बोट लागली म्हणून आल्या आल्या धक्क्यावर ओकायचे. मग तोंड पुसून तिलाच सांगायचे की तुमचं बेट किती सुंदर आहे आणि तुमच्या लोकांची वजनं किती जास्त आहेत.

दवाखाना तीन खोल्यांचा. मधल्या खोलीत लाकडी खणांमध्ये तिची कार्डं असत. बेटावर माणसं चारशे अकरा, त्यांत सियोने नावाचे नऊ. त्यातल्या कुठल्या सियोनेचं मूत्रपिंड गेलंय आणि कुठल्याची नुसती कुरकुर आहे, हे तिला कार्ड न काढता सांगता आलं असतं. पण ती सांगत नसे. नवऱ्यानं एकदा जेवताना सहज विचारलं, पाद्रीबुवा कसल्या गोळ्या घेतात गं? त्या दिवशी त्याला पुढचं जेवण स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

त्या वर्षी आले ते डॉक्टर ग्रेंजर. सोबत राजधानीतून धाडलेला सायमोने नावाचा तरुण अधिकारी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि कमरेला तिकडच्या रिवाजाप्रमाणे मानाची चटई गुंडाळलेला. तीन विद्यापीठांनी मिळून चार देशांतल्या बेटांच्या नोंदी एकत्र करायच्या, म्हणजे साखरेच्या दुखण्यानं आपल्या लोकांचे पाय का कापावे लागतात ते कळेल, असं काम होतं. काम वाईट नाही, हे पिसिलालाही पटत होतं. तिचं भांडण कामाशी नव्हतं.

"नावं काढून टाकणार, मावशी," सायमोने म्हणाला. "प्रत्येकाला फक्त नंबर. कोण कोण आहे ते कुणाला कळणारच नाही."

"इथे?"

"कुठेही."

"बरं. एक पाय गेलेली, साठीची बाई, डावखुरी. नाव नाही सांगितलं मी. कोण?"

सायमोनेनं कालच त्या बाईच्या घरी पोटभर जेवण केलं होतं.

ग्रेंजरना हे भाषांतर करून सांगितल्यावर ते प्रेमळ हसले. लहान मुलानं काढलेलं चित्र बघून हसतात तसे. "धोका अगदी किरकोळ आहे. आमच्या समितीनं सगळं तपासलंय."

"समिती कुठे बसते?"

"ऑस्ट्रेलियात."

"मग तिथून तिला आमची बाई दिसणार नाही, हे खरंच आहे," पिसिला म्हणाली.

बेटाला विचारलं का? विचारलं, असं ग्रेंजर म्हणत. दवाखान्याच्या दारावर इंग्रजीत एक कागद डकवला होता, ज्यांची हरकत असेल त्यांनी महिन्याभरात कळवावं. एका कोंबडीखेरीज त्या कागदाकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. पिसिलानं तरीही खणांची किल्ली दिली नाही. मग राजधानीतून शिक्क्याचं पत्र आलं, आणि तीन दिवस त्यांचं नकला काढणारं यंत्र कार्डामागून कार्ड गिळत राहिलं.

चौदा महिन्यांनी ग्रेंजर परत आले. "तुमची माहिती तुम्हालाच परत द्यायला," असं म्हणत. चर्चच्या सभागृहात बायकांनी डुकराची पिल्लं भाजून, अळूच्या पानांत मांस शिजवून पंगत घातली. पाहुणे पोटभर जेवले आणि मग पडद्यावर तक्ते दाखवू लागले. सायमोने आपल्या भाषेत वाचून सांगत होता. मधुमेह, रक्तदाब, सगळे माना डोलवत होते. मग बायकांच्या जुन्या आजारांचा तक्ता आला.

"वय पन्नास ते साठ, मूलबाळ नाही, पूर्वी गुप्तरोगावर उपचार," सायमोनेनं वाचलं. "एक."

वाचून झाल्यावर त्याला आपण काय वाचलं ते कळलं. पण तोवर सभागृहातल्या सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या होत्या. बेटावर त्या वयाची मूल नसलेली बाई एकच होती, चर्चची गाणी बसवणारी हेइलाला. तिनं मांडीवरचं स्तोत्रांचं पुस्तक मिटलं, उठली आणि सरळ दारातून बाहेर गेली. ग्रेंजर पुढचा तक्ता लावत होते.

त्यानंतर बेटानं जे करायचं ते केलं. तिचा नवरा कोलोआ बारा वर्षं न्यूझीलंडच्या कारखान्यात राबला होता. तो वारला तेव्हा पुरुषांनी त्याच्या नावानं तीन दिवस कावा, ते मुळ्यांचं गुंगीचं पेय, प्यायलं होतं. तो घाम गाळत होता आणि ही इथे काय करत होती, एवढाच हिशेब सगळ्यांनी मांडला. देवाच्या घरात हात वर करून सूर लावणारी म्हणे! ज्यांना तिच्याशिवाय एक ओळ सुरात म्हणता येत नव्हती, तेच पुढे होते. आणि हे बाहेर आलं कसं? किल्ली कुणाकडे? पिसिलाकडे! चिचुंद्रीसारखी कागदांत बसलेली असते, तिनंच कार्डं दाखवली असणार. दुकानात बायका तिच्याशी बोलायच्या थांबल्या.

पिसिलाजवळ उत्तर होतं. कोलोआचं कार्ड शेजारच्याच खणात होतं. सुट्टीवर घरी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यानं त्याच दुखण्याचं इंजेक्शन घेतलं होतं, बायकोच्या तब्बल चार महिने आधी. एक वाक्य बोलली असती तर हेइलालावरचा डाग पुसला गेला असता. ती बोलली नाही. सहा रविवार हेइलालाशिवाय चर्चमधलं गाणं फाटक्या शिडासारखं फडफडलं आणि पिसिला तोंड मिटून ऐकत बसली. मग एका दुपारी हेइलालाच्या घरी गेली.

"तुला ठाऊक आहे ना सगळं?" हेइलालानं दारातच विचारलं.

"आहे."

"मग सांगत का नाहीस त्यांना? तुलाही शिव्या घालतायत की."

"घालू देत. मेला असला तरी ते त्याचं कार्ड आहे. माझ्या तोंडून नाही यायचं."

"मूर्ख आहेस," हेइलाला म्हणाली आणि तिनं पिसिलाला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी बायका चटया विणायला बसल्या होत्या, तिथे हेइलाला आली आणि आपल्या जागेवर बसली. तिनं दोन पट्ट्या विणल्या आणि मान वर न करता बोलली.

"ते दुखणं माझ्या नवऱ्यानं आणलं. न्यूझीलंडहून ब्लँकेटं आणली, रेडिओ आणला आणि ते आणलं. ब्लँकेटं तुम्ही वाटून घेतलीत. ते माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. दोन मुलं पोटातच गेली माझी. आता कुणाला आणखी काही विचारायचं असेल तर मोठ्यानं विचारा."

पाद्रीबुवांची बायको रडू लागली तेव्हा हेइलालानं तिला सांगितलं, "रडू नकोस, पट्टी भिजते."

पुढच्या फेरीला ग्रेंजरना आणखी पाच वर्षांच्या नोंदी हव्या होत्या. यावेळी खोलीत पिसिला एकटी नव्हती, शेजारी हेइलाला आणि सहा बायका होत्या. ग्रेंजरनी खेद व्यक्त केला. खेद कागदावर लिहून आणला होता. मग पिसिलानं त्यांच्याच प्रकल्पाचा जाडजूड नियमग्रंथ टेबलावर ठेवला. तो तिनं सायमोनेकडून मागवून शब्दकोश घेऊन दोन महिने वाचला होता.

"हे वाच," ती सायमोनेला म्हणाली. "पान चाळीस."

सायमोनेनं वाचलं. कुठल्याही रकान्यात पाचापेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा कुणालाही दाखवू नये.

"हे कुणी लिहिलं?" पिसिलानं विचारलं.

"आम्हीच," ग्रेंजर म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. "तो तक्ता घाईत..."

"शिकलेली माणसं तुम्ही," हेइलाला म्हणाली. "तीन विद्यापीठं मिळून स्वतःचं एक पान वाचता येत नाही?"

त्या दिवशी ग्रेंजर रिकाम्या हातानं गेले. वर्षभरानं त्यांचा एक लेख छापून आला, लहान बेटांवर विश्वास कसा जपावा या विषयावर. त्याच्या तळाला बारीक अक्षरांत पिसिलाचे आभार होते, आणि तिचं आडनाव चुकलेलं होतं. तिनं तो लेख खणांच्या कपाटाचा हलणारा पाय टेकवायला वापरला.

नोंदी शेवटी दिल्या, पण दुसऱ्यांना. फिजीहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी घरोघर बसून, बेटाच्या भाषेत विचारून त्या घेतल्या. त्या कामातून पायांच्या जखमा बघायला दर महिन्याला एक नर्स येऊ लागली, हे पिसिला नाकारत नाही. छापण्याआधी सगळे तक्ते ओतुलोआला येतात. पिसिला आणि हेइलाला पेन्सिल घेऊन बसतात. गेल्या खेपेला त्यांनी दोन ओळी खोडल्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, त्या का खोडल्या?

"दिसू नयेत म्हणून खोडल्या," पिसिला म्हणाली. "कारण सांगितलं तर खोडून काय उपयोग?"