'दुखतंय' म्हणायचं नाही

आक्काच्या योगवर्गात एक शब्द चालत नसे. 'दुखतंय.' कुणाच्या तोंडून तो चुकून निसटलाच, तर आक्का आपल्या चटईवरून उठायची, त्या माणसाच्या मागे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "दुखतंय नाही म्हणायचं. ताण येतोय म्हणायचं." चटईबाहेर सगळ्यांना अहो-जाहो करणारी ही बाई चटईवर बँकेच्या मॅनेजरलासुद्धा अरे-तुरे करायची. मग ती खाली बसून आपला तो सुप्रसिद्ध हात ठेवायची. गुडघा वर राहिला असेल तर गुडघ्यावर, पाठ वाकत नसेल तर पाठीवर. "सोड श्वास. अजून थोडं. अजून. हं, जातंय की!" आणि खरोखरच जायचं. बहुतेकांचं जायचं. ज्यांचं जायचं नाही ते काही दिवसांनी यायचेच बंद व्हायचे. आळशी मेले, असं म्हणून आक्का त्यांच्या नावावर काट मारायची.

वर्ग भरायचा तो एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. खालच्या वाफेनं फरशी कोमट असायची आणि साबणाचा वास जिन्यापर्यंत यायचा. आक्काचे यजमान म्हणजे मिस्कील माणूस. ते म्हणायचे, "खाली कपड्यांना इस्त्री होते, वर माणसांना." स्वतः ते वर्गात एकदाच आले होते. शवासनात घोरायला लागले म्हणून आक्कानं त्यांना घरी पाठवून दिलं, ते कायमचं.

आता आक्का ही काय वल्ली होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तरुणपणी ती एका विमा कंपनीत टायपिस्ट होती. अभ्यासात जेमतेम, दिसायला चारचौघींसारखी, गाणं नाही, शिवणकाम नाही. कुणी तिच्याकडे बोट दाखवून 'हिच्याकडे बघा' म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं. टायपिंग करून करून पाठ धरली, तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिला ओढत योगाच्या वर्गात नेलं. पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी पद्मासन घालायला सांगितलं. बाकीचे आपापल्या पायांकडे हताशपणे बघत बसले. आक्कानं एक पाऊल उचललं, दुसऱ्या मांडीवर ठेवलं, दुसरं उचललं, पहिल्या मांडीवर ठेवलं, आणि बसली. गुरुजींनी वर्ग थांबवला. म्हणाले, "सगळ्यांनी हिच्याकडे बघा."

झालं! त्या एका वाक्यावर बाईचं आयुष्य उभं राहिलं. हे आपल्या निष्ठेचं फळ आहे असं तिला वाटलं. आता पहिल्याच दिवशी कसली आलीय निष्ठा, पण माणूस कौतुकाला एवढा भुकेला असला की हिशेब कोण तपासतो? पुढे तिनं नोकरी सोडली, वर्ग काढला, नाव कमावलं. भिंतीवर तिचा पद्मासनातला मोठा फोटो लागला. जिद्द असली की शरीर ऐकतं, असं ती येईल त्याला सांगत राहिली.

तिला एकच लेक. ही पोर लहानपणापासून दोन्ही पाय मागे, बाजूंना फेकून, बूड जमिनीला टेकवून बसायची. तासन्‌तास तशी बसून चित्रं काढायची. शेजारीपाजारी तिला लाडानं बेडकी म्हणत. आक्काला ते मुळीच खपायचं नाही. जाता येता पायानं ढोसायची, "नीट बस. मांडी घाल." बेडकी मांडी घालायची, पण तिचे गुडघे हवेत राहायचे. पाठीत पोक यायचा. आई वळली की पाय पुन्हा मागे. "योगवाल्या आक्काची पोर आणि हिला साधी मांडी येऊ नये!" आक्काचा जीव नुसता जळायचा. मग रोज संध्याकाळी लेकीला भिंतीला टेकवून बसवायची आणि गुडघ्यांवर हात. "अजून थोडं. अजून." लेक रडायची. पुढे रडणं थांबलं. लेकीला सवय झाली, असं आक्काला वाटलं.

सवय झालीच होती, पण कसली, ते कळायला फार वर्षं जावी लागली.

बेडकी मोठी झाली आणि आईच्या हाताखाली शिकवायलाही लागली. पुढे वाकणं, मागे वाकणं, तोल सांभाळणं, सगळ्यात ती आईच्या तोडीस तोड. माणसांशी बोलणं तर आईपेक्षा गोड. फक्त पद्मासन आलं की ती उठून खिडक्या उघडायला जायची. वर्गातल्या लोकांनीही ते ओळखलं होतं. कुणी काही बोलत नसे.

मग वर्गाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम ठरला. शाळेचा हॉल घेतला. आक्काचं वय झालं होतं, वर्ग लेकीच्या हाती सोपवायचा हे त्या दिवशी जाहीर करायचं होतं. पडदा उघडल्यापासून मायलेकींनी शेजारी शेजारी पद्मासनात बसायचं, असं आक्कानं मनाशी पक्कं केलेलं. लेक म्हणाली, "आई, मी वज्रासनात बसते ना." आक्का म्हणाली, "वर्गाची बाई होणार आणि वज्रासनात बसणार? लोक काय म्हणतील?"

पडद्यामागे लेक बसली. डावं पाऊल मांडीवर आलं. उजवं येता येईना. बाहेर खुर्च्या भरल्या होत्या. आक्का खाली बसली, तिनं पाऊल धरून वर चढवलं आणि उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. "सोड श्वास. अजून थोडं."

गुडघ्यातून कट्‌कन आवाज आला.

"काय झालं गं?"

"काही नाही," लेक म्हणाली. "ताण येतोय."

पडदा वर गेला. टाळ्या पडल्या. संपूर्ण कार्यक्रमभर बेडकी हसतमुखानं आईशेजारी बसून राहिली. आक्काला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. पडदा पडला, लोक फुलं घेऊन आले, तेव्हा लेकीनं हातानं पाय सोडवला आणि तो सरळच होईना. गुडघा अर्ध्यात अडकला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती अजूनही हसत होती. ते हसू बघून आक्काच्या काळजात चर्र झालं.

गुडघ्यातली गादी फाटली होती. ऑपरेशन करून ती शिवावी लागली. डॉक्टर शिवून मोकळे झाले. पुढचं काम एका फिजिओकडे आलं. तरुण मुलगी, केस आखूड, बोलणं सरळसोट. पहिल्याच दिवशी तिनं बेडकीला चांगला पाय तपासण्यासाठी पालथं झोपवलं, गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला सोडून दिलं. पाऊल आपसूक खाली पार खाटेजवळ गेलं. मग तिनं तेच पाऊल आतल्या बाजूला नेलं. जरासं गेलं आणि थांबलं, दार चौकटीला अडावं तसं.

"पद्मासन घालत होत्या तुम्ही?" फिजिओनं विचारलं. "कुणी सांगितलं?"

बेडकीनं आईकडे बघितलं.  आक्का म्हणाली, "मी. सरावानं सगळं येतं. मला येतं."

"झोपा बघू तुम्ही." फिजिओनं शेजारची खाट दाखवली. आक्का पालथी झोपली. तिचं पाऊल आतल्या बाजूला सहज लवंडलं. बाहेर मात्र जेमतेम हललं. "बघा. मांडीच्या हाडाचा पीळच प्रत्येकाचा वेगळा असतो. पाऊल आत येतं तेव्हा मांडी बाहेर वळते, पद्मासनाला तेच लागतं. तुमचा पीळ बाहेर वळणारा आहे, हिचा आत. स्नायू ताणला की थोडा सैल होतो. हाड होत नाही. हाडाला हाड भिडलं की पुढचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो." मग तिनं सहज विचारलं, "पाय मागे टाकून, बूड टेकवून बसता येतं तुम्हाला?"

 बेडकी जशी बसायची तशी बैठक आसनांतही आहे, हे आक्काला चांगलं ठाऊक होतं. तिनं ती कधी शिकवलीच नव्हती. 'गुडघ्याला वाईट' म्हणून टाळायची. खरं हे की ती तिला स्वतःला कधी जमली नव्हती. जे आईला जन्मात जमलं नाही ते तिची पोर तिसऱ्या वर्षी चित्रं काढता काढता करत होती आणि आई तिला पायानं ढोसत होती. आक्का खाटेवर तशीच पालथी पडून राहिली. उठून लेकीकडे बघायचं कसं, हे तिला कळेना.

वर्ग तर चालवायला हवा होता. आक्का जिना चढून वर गेली आणि चटईवर उभी राहिली. समोर लठ्ठ कॅशियर होता, त्याचे हात धडाच्या मानानं आखूड. निवृत्त हेडमास्तर होते, उकिडवं बसताना त्यांच्या टाचा कधी टेकल्या नाहीत. किती वर्षं या दोघांना ती हाडहूड करत होती! तिनं कॅशियरच्या तळहातांखाली लाकडी ठोकळे दिले, हेडमास्तरांच्या टाचांखाली घोंगडीची घडी सारली. हेडमास्तर सुखानं खाली बसले आणि म्हणाले, "आक्का, हे आधी का नाही हो दिलंत?" त्यांनी साध्या मनानं विचारलं होतं. आक्काच्या मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. मागच्या रांगेतली एक बाई कुरकुरली, "आता काय लाडच करणार वाटतं सगळ्यांचे?" तिनं पुढच्या महिन्यापासून दुसरा वर्ग धरला. आक्कानं ती गेलेली पाहिली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'आळशी' हा शब्द निघाला नाही.

पण खरी कसोटी घरी होती. शिवलेला गुडघा रोज कुणीतरी हातानं हळूहळू वाकवायचा, हे फिजिओनं शिकवलं. "वाकवला नाही तर आखडेल आणि आखडला तर तसाच राहील. जास्त वाकवला तर टाके उसवतील. हिनं थांब म्हटलं की तिथंच थांबायचं. बाकी सगळं हिच्या सांगण्यावर."

घरी आल्यावर लेक एवढंच म्हणाली, "बाबा करतील."

बाबांनी केलं, म्हणजे काय केलं? गुडघ्याला हात लावला की त्यांचेच डोळे भरून यायचे. पाय उचलायचे, फुंकर घालायचे, तसाच खाली ठेवायचे. पुढच्या तपासणीला फिजिओचा चेहरा उतरला. गुडघा आखडायला लागला होता. "हे असंच राहिलं तर जिना विसरा," ती म्हणाली. "हाताला सवय असलेलं घरात कुणी नाही का?"

होतं की. त्याच हाताला सवय होती.

दुपारची वेळ. यजमान दाराशी येऊन म्हणाले, "अगं, माझ्यानं नाही होत. तूच बघ." आणि कडेला उभे राहिले. लेक पलंगावर उताणी पडली होती. तिनं आईकडे बघितलं, मग छताकडे नजर लावली. आक्का पलंगाच्या कडेला बसली. एक हात मांडीखाली, एक हात घोट्यावर. टाच गादीवरून सरकवत तिनं गुडघा वाकवायला सुरुवात केली. थोडा वाकला. अजून थोडा. लेक गप्प. आक्काची नजर सहज खाली गेली तर पायाची बोटं आवळून पांढरी पडली होती. तिनं तिथंच हात थांबवला.

"दुखतंय?"

लेकीनं छताकडे बघतच उत्तर दिलं. "ताण येतोय."

आक्काचा बांध फुटला. "मेला तो ताण! खड्ड्यात गेला! दुखतंय म्हण ना गं! टाके उसवेपर्यंत गप्प बसणार आहेस का?"

"तूच शिकवलंस," लेक म्हणाली. आवाज चढला नाही. "लहानपणी म्हणायचे तेव्हा तू अजून दाबायचीस. न म्हटलं की लवकर सोडायचीस."

दारातले यजमान हळूच आत निघून गेले. आक्का रडली. थांबवावंसं वाटलं, पण थांबेना. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चुकलं माझं. माझ्या पायांसारखे सगळ्यांचे पाय, असं धरून चालले. तुझेसुद्धा. आता तू बस म्हण. केव्हाही म्हण. मी थांबते."

 आक्कानं पुन्हा हात ठेवला. नुसता ठेवला, अजून हलवलाही नव्हता.

"बस," लेक म्हणाली.

आक्कानं हात काढून घेतला.

थोड्या वेळानं पुन्हा ठेवला. "बस." पुन्हा काढला. आक्काला कळत होतं, यात दुखायचा काही संबंध नाही. पोर हात तपासून बघत होती. असं कितीदा झालं कुणास ठाऊक. चहाचा कप घेऊन आलेले यजमान गोंधळून म्हणाले, "तुम्ही दोघी काय पकडापकडी खेळताय का?" कुणी हसलं नाही. ते कप ठेवून गेले आणि चहा तसाच गार झाला.

मग एकदा आक्कानं हात ठेवला आणि लेक काही बोलली नाही. टाच सरकली. गुडघा वाकला, कालच्यापेक्षा पुढे गेला. आक्काची नजर पायाच्या बोटांवर होती. बोटं सैल होती. अजून थोडा वाकला. 'अजून' हा शब्द आक्काच्या जिभेवर आला आणि तिनं तो गिळला.

"आई," लेक म्हणाली, "दुखतंय."

आक्काचा हात होता तिथं थांबला.