स्क्रीनवर आबांचं नाव

"तुझ्या अंगाला मेंढरांचा वास येतोय. मशीनला चालत नाही."

हे तो मला म्हणाला तेव्हा त्याच्या एका हातात कांदाभज्यांचा कागद होता आणि दुसऱ्या हाताची तेलकट बोटं कीबोर्डवर होती. हा आमच्या दूध डेअरीच्या चेअरमनचा मुलगा. राहू गावात डेअरीच्या माडीवर त्याने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. एसी, काचेचं दार, दाराबाहेर चपला. आत त्याची चुलत-मावस भावंडं. मी बाहेर, पेंडीच्या पोत्यांवर. मला त्याने एक पुठ्ठा दिला. त्यावर स्केचपेनने कीबोर्ड काढलेला.

"आधी यावर बोटं बसव."

मी बारावी पास, खुटबावहून सायकल मारत यायची, फी सगळ्यांइतकीच भरलेली. आणि पुठ्ठा बडवत बसायची. आमची मेंढरं आजोबांनी विकली ती माझ्या जन्माच्या आधी. वास कुठून येत होता ते त्या पुण्यात शिकून आलेल्या नाकालाच ठाऊक.

गाव त्याला छोटे मालक म्हणायचं. कशाचा मालक? डेअरी सभासदांची. माझे वडील, आबा, तेही सभासद. रोज सकाळी सायकलला कॅन लावून दूध घालायला जायचे. पण आमच्याकडची रीतच तशी. मालकांच्या शेंबड्या पोराला अहो-जाहो, आणि पांढऱ्या मिशांच्या धनगराला 'ए सोम्या'. आबा त्यावर 'जी मालक' म्हणायचे. त्या 'जी'चा मला राग यायचा. मालकापेक्षा आबांचा जास्त यायचा, खरं सांगते.

मला आत घेतलं ते कामापुरतं. डेअरीच्या खिडकीत स्क्रीन बसवायची टूम निघाली. सभासदाचा नंबर दाबला की त्याचं नाव, लिटर, फॅट सगळं रांगेतल्या लोकांना दिसायला हवं. भावंडांना पत्त्यांच्या खेळातून सवड नव्हती.

"तू कर. पाय धुऊन ये."

धुतले. लाज वाटली, तरी धुतले. मला ते मशीन हवं होतं.

प्रोग्राम सोपा होता. त्यात फारसं काही लिहावं लागत नव्हतं. तयार चौकटी माउसने ओढायच्या, कोऱ्या फॉर्मवर मांडायच्या आणि प्रत्येक चौकटीला सांगायचं, तू टेबलातल्या अमुक रकान्यातून माहिती उचल. टेबल म्हणजे मागची साठवण. ती छोट्या मालकांनी स्वतः भरली होती, मला बघू दिली नव्हती. माझ्याकडे फक्त पुढचं, लोकांना दिसणारं. नावाची जागा कशी दिसते ते बघावं म्हणून मी तिथं टाइप केलं, श्री. सोमाजी धोंडीबा, आणि पुढं आमचं आडनाव. मोठ्या ठळक अक्षरांत. माझ्या बापाचं नाव इतकं देखणं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी किती तरी वेळ बघत बसले.

नवशिकीची चूक तिथंच झाली. ते नाव मी माहिती उचलणाऱ्या चौकटीत टाकलंच नव्हतं. साध्या अक्षरांच्या पट्टीवर टाकलं होतं. पट्टी काही उचलत नाही. नंबर कुणाचाही दाबा, तिच्यावर आपलं तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. मशीन खाली खिडकीत आणून ठेवलेलं. नारळ फुटला. पहिला मान चेअरमनच्या कॅनचा. नंबर दाबला. स्क्रीनवर आलं, श्री. सोमाजी धोंडीबा. मग व्हाइस चेअरमन. श्री. सोमाजी धोंडीबा.

"आयला, समदी डेअरी सोम्याचीच हाय की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

चेअरमन हसले नाहीत. मी पुढं झाले, पण त्यांनी हाक मारली ती आबांना.

"सोम्या, पोरगी शिकली म्हणून मालक झालास व्हय रं?"

आबांनी कॅन खाली ठेवला. हात जोडले. "चुकलं मालक. ल्हान हाय ती."

"पूस ते."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि स्क्रीनची काच पुसायला लागले. स्वतःचं नाव पुसत होते. काच पुसून नाव थोडंच जातं? ते पुन्हा पुन्हा पुसत राहिले. लोक पोट धरून हसत होते. चेअरमन आता हसले.

मी धावत जाऊन पट्टी काढली, चौकट बसवली, टेबलाशी जोडली.

"आता बघू," म्हणत छोट्या मालकांनी आधी स्वतःच्या घरचा नंबर दाबला. श्री. लागलं, मागं पाटील लागलं. मग आबांचा दाबला.

सोम्या धनगर.

मी निवडलेल्या त्याच ठळक अक्षरांत.

"हां. आता बरोबर झालं."

बरोबर! कालची माझी चूक होती आणि हे बरोबर! जिभेवरची शिवी यांनी टेबलात भरून ठेवली होती. आणि ती रोज सकाळी गावाला दाखवायला खिडकी मात्र माझ्या हातून करून घेतली. पाय धुवायला लावून. एवढी माणसं, एवढी शेती, एवढा मान, आणि एका म्हाताऱ्याला धड नावानं लिहायची दानत नाही. मला त्यांची भीतीच वाटेनाशी झाली. किळस वाटली.

मी नावाची चौकट निवडली आणि उडवली. सेव्ह केलं. आता नंबर कुणाचाही दाबा, नुसतं लिटर आणि फॅट. चेअरमनलाही नाव नाही.

"ए, काय केलंस?"

"स्क्रीन मी बांधलीया. माझ्या बापाला असं नाव हितं लागणार न्हाई."

तो चौकट परत बसवून घेणार, हे मला माहीत होतं. बसवलीच. मला क्लास बंद झाला. दुसऱ्या दिवशी आबांचं दूध परत आलं. म्हणे, दुधाला वास येतोय. आबांनी जाऊन माफी मागितली. मी मागितली नाही. दूध पुन्हा सुरू झालं, रोज सकाळी सोम्या धनगर पुन्हा उजळायला लागला, आणि आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. ते गेले तरी त्या टेबलात ते सोम्याच होते.

मी सणसवाडीला खोली घेतली. तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात आता स्क्रीन बांधते. आधी टेबल उघडायला लावते, मगच माउस हातात घेते. माझ्या स्क्रीनवर कुणाचंही अर्धं नाव टाकलं तर ती पुढं सरकत नाही. परवा कंत्राटी कामगारांच्या हजेरीची स्क्रीन करताना साहेब वैतागले. "कशाला पूर्ण नावं? छोटू, भैया, काहीही टाक ना."

मी मान वर केली नाही.

"मशीनला चालत नाही," म्हटलं.